अर्धी कीर्द: ‘तुमची माहिती डाउनलोड करा’ या बटणाचा अनुभव

आधी तारे सांगून टाकते: पाचपैकी अडीच. ज्यांना तेवढंच बघायचं असतं त्यांनी इथूनच परत फिरावं, मला राग नाही.

ज्या सेवेबद्दल लिहितेय ती कुणी पैसे मोजून घेत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी लिहीतही नाही. सोशल मीडियाच्या बहुतेक ॲप्समध्ये सेटिंग्जच्या पार तळाशी हे बटण असतं. ते दाबलं की तुमच्याबद्दल साठवलेली माहिती गाठोडं बांधून तुमच्या हातात देतो, असं कंपनी म्हणते. माझ्या ॲपचं नाव लिहीत नाही. माझं तिथलं खातं तेरा वर्षांचं आहे, आणि नोकरीतली सव्वीस वर्षं मी इंटर्नल ऑडिटमध्ये काढली. म्हणजे जन्म गेला दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात आणि माझी वही तिसरंच कुणी लिहीत होतं, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भाचा एकदा म्हणाला, “मावशी, रिटायर झालीस तरी किराणाच्या बिलावर टिका मारतेस. त्यापेक्षा तुझ्या खात्याचं ऑडिट कर की!” मनावर घेतलं.

बटणापर्यंत पोचायला सात टिचक्या लागल्या, मोजल्यात मी. ‘गोपनीयता’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या पानावर ते नाहीच. तिथे कुलूप, ढाल, हसरी माणसं अशी चित्रं आहेत. बटण निघालं भलत्याच मेन्यूत. पुढे फॉर्म. कालावधीच्या रकान्यात ‘मागील एक वर्ष’ आधीच भरून ठेवलेलं. तेरा वर्षांच्या खात्याचा एका वर्षाचा उतारा! घाईत असणारा माणूस तेवढाच घेऊन जाणार आणि सगळं मिळालं म्हणून खूश होणार. तिथे ‘सर्व कालावधी’ निवडा. फॉरमॅटमध्ये एचटीएमएल घ्या, ते ब्राउझरमध्ये साध्या पानासारखं उघडतं. मी आधी जेसन (संगणकाला वाचायला सोयीचा फॉरमॅट) घेतलं, तर माझ्या मराठी मजकुराच्या जागी नुसता चिन्हांचा भुगा आला.

मग वाट बघायची. दोन दिवसांनी पहाटे मेल आला की गाठोडं तयार आहे, आणि दुवा चार दिवसच चालेल. त्या आठवड्यात मी प्रवासात होते. परत येऊन टिचकी मारली, तर मुदत संपलेली. पुन्हा पासवर्ड, पुन्हा रांग. युरोपातल्या कायद्यात अशा अर्जाला उत्तर द्यायला कंपनीला एक महिना मिळतो. मला माझीच माहिती उचलायला चार दिवस. अर्धा तारा इथेच गेला.

झिप फाइल अडीच जीबीच्या आसपास. त्यातला मोठा वाटा फोटोंचा, तिकडे मी वळलेच नाही, ते माझ्याकडे आहेत. ऑडिटला गेलं की आधी तिजोरी नाही बघायची, किरकोळ खर्चाची वही बघायची. गफलत तिथे असते.

पहिला फोल्डर उघडला तो संपर्कांचा. ४१२ नावं. कुठल्यातरी जुन्या फोनमधली अख्खी यादी त्यात उतरलेली होती, मी जशी लिहिली होती तश्शी: ‘लिफ्टवाले’, ‘गॅस तक्रार’, ‘शेजारीण नवीन’, ‘उचलू नको’. हा ‘उचलू नको’ कोण ते मला आता आठवत नाही, पण त्याचा नंबर कंपनीने इतकी वर्षं जपून ठेवलाय. कधीतरी ‘मित्र शोधा’ असा पडदा आला असेल आणि मी हो म्हटलं असेल. माझी संमती धरली, चला. लिफ्टवाल्यांची कुणी घेतली? त्यांचं कदाचित या ॲपवर खातंही नसेल, आणि नसेल तर त्यांना डाउनलोडचं बटणही नाही. त्यांचा नंबर तिथे आहे हे जगात दोघांनाच माहीत, मला आणि कंपनीला.

नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या संसदेत विचारला गेला होता. ११ एप्रिल २०१८, हाउसची (तिथल्या कनिष्ठ सभागृहाची) ऊर्जा आणि वाणिज्य समिती, समोर फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग. न्यू मेक्सिकोचे बेन लुहान यांनी विचारलं की ज्यांचं खातंच नाही त्यांची माहिती तुम्ही गोळा करता का. सुरक्षेसाठी करतो, असं उत्तर आलं. मग लुहान यांनी दाखवून दिलं की ज्याचं फेसबुकवर खातं नाही त्याने आपली माहिती मागितली, तर कंपनीचं पान त्याला आधी खातं उघडायला सांगतं. मी रेकॉर्डिंगमध्ये हा तुकडा दोनदा पाहिला. ‘दुकानात शिरल्याशिवाय तक्रारवही दाखवणार नाही’ म्हणतात ना, तसलं.

ती सुनावणी ज्यामुळे झाली त्या केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाचं मूळही ‘मित्रांच्या वतीने हो’ यातच आहे. फेसबुकवरचं प्रश्नमंजुषेचं एक ॲप जगभरात तीनेक लाख लोकांनी घेतलं आणि मित्रांसकट माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. हा फेसबुकचाच अंदाज. भारतापुरते फेसबुकने दिलेले आकडे तर ऑडिटरच्या भिंतीवर टांगावेत असे: ॲप घेणारे ३३५, आणि माहिती गेली असण्याची शक्यता असलेले एकूण ५,६२,४५५. एकाने सही केली आणि सोळाशे-सतराशे जणांच्या नावे व्यवहार पडला.

दुसरा फोल्डर ‘आवडी’. यातून करमणूक झाली. मला घोडेस्वारीत रस आहे. लहान बाळांच्या पाळण्यांत रस आहे, म्हणजे कधीतरी कुणाच्या तरी बारशाला काय द्यावं ते शोधलं असणार. ‘वारंवार स्थलांतर करणारी व्यक्ती’ असंही लिहिलंय. बावीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्या बाईबद्दल! भाचा हसून लोळला. मला मात्र हसता हसता वाटलं, की चुकीची नोंद दिसली तर दुरुस्त करायला जागा हवी. इथे नोंद ‘लपवता’ येते. खोडता येते का, ते लिहिलेलं नाही.

तिसऱ्या फोल्डरपाशी मात्र हसू थांबलं. ॲपच्या बाहेर, इतर वेबसाइटींवर मी काय केलं त्याची ही यादी. अशा साइटींच्या पानात कंपनीचा एक न दिसणारा तुकडा बसवलेला असतो, तो परस्पर कळवतो. रात्री ११ वाजून ४२ मिनिटं: पृष्ठ पाहिलं. ११:४४: शोध घेतला. ११:५१: कार्टमध्ये टाकलं. तारीख बघून आठवलं. नवऱ्याला ऐकू कमी येतंय असं मला वाटायला लागलं होतं आणि त्याच्यापुढे विषय कसा काढावा हे कळत नव्हतं. तो झोपल्यावर मी श्रवणयंत्रांच्या किमती बघत होते. त्याला सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. कंपनीला नऊ मिनिटांत कळलं.

हे माझ्यापुरतं नाही, हे नंतर वाचून समजलं. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) ठेवला, आणि २०२३ मध्ये प्रकरण ७८ लाख डॉलरला मिटलं. श्रवणयंत्र त्यामानाने किरकोळच. तरी हा फोल्डर उघडा. सगळ्या गाठोड्यात सर्वांत कामाचा तोच आहे, आणि जे तारे दिलेत ते मुख्यतः त्याच्यासाठी. इथून पुढची नोंद बंद करायची कळही तिथेच आहे.

आता मुख्य आक्षेप. कीर्दीला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. या गाठोड्यात जमेची बाजू भरून वाहतेय: मी काय दिलं, काय पाहिलं, कुठे थांबले. खर्चाची बाजू जवळजवळ कोरी. माझ्या माहितीचं काय केलं? कुणाला दिली? कशाच्या बदल्यात? ‘तुमची माहिती असलेली यादी वापरणारे जाहिरातदार’ नावाचं एक पान आहे. त्यात ६१४ नावं, एकापुढे एक, ना तारीख, ना माझा ईमेल त्यांच्याकडे कुठून आला याचा पत्ता. त्यातली दहा-बारा सोडता मी कुणाला ओळखत नाही. बिनतारखेची ६१४ व्हाउचरं कुणी माझ्या टेबलावर ठेवली असती, तर मी ती तशीच परत पाठवली असती.

म्हणून रीतसर पत्र लिहिलं. ॲपच्या गोपनीयता विभागाला चार ओळी: माझी माहिती ज्यांना दिली त्यांची नावं, तारीख आणि कारण कळवावं. तीन दिवसांनी उत्तर आलं. ‘तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’, आणि खाली धोरणाच्या पानाचा दुवा. त्या पानावर लिहिलंय की माहिती ‘भागीदारांना’ दिली जाऊ शकते. आमच्या भाषेत हा ‘मॅनेजमेंट रिप्लाय’. प्रश्न नोंदला गेला, उत्तर नाही, पॅरा (म्हणजे आक्षेप) उघडाच.

माझ्या चार ओळींना दाद मिळाली नाही यात नवल नाही, पण ज्यांच्याकडे समन्सची ताकद आहे त्यांचं तरी काय झालं? १० एप्रिल २०१८ ची सिनेटची सुनावणी मी तीन संध्याकाळी मिळून पूर्ण पाहिली. ४४ सेनेटर, प्रत्येकाला पाच मिनिटं. लोकांना त्यातले ऑरिन हॅच तेवढे लक्षात राहिले, लोक पैसे देत नाहीत तर धंदा चालतो कसा हे विचारणारे, आणि ते उत्तर, “सेनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो.” सगळं जग म्हाताऱ्याला हसलं. मला तो प्रश्न मुळीच बावळट वाटला नाही. नवीन संस्थेच्या ऑडिटला गेल्यावर पहिला प्रश्न हाच असतो: पैसा येतो कुठून. फक्त त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा, चौथा यायला हवा, आणि तोवर घंटा वाजते. पाच मिनिटांत मी पेटी कॅशसुद्धा तपासली नसती.

मला आवडले ते डिक डर्बिन. काल रात्री कुठल्या हॉटेलात उतरला होता ते इथे सांगायला आवडेल का, असं त्यांनी झुकरबर्गना विचारलं. थोडा वेळ शांतता, मग ‘नाही’. या आठवड्यात कुणाकुणाला मेसेज केले त्यांची नावं? तीही नाही. याला आम्ही सँपल चेक म्हणतो. हजार नोंदींतली एक उचलायची आणि समोरच्याचा चेहरा बघायचा.

त्याच दिवशी एका छायाचित्रकाराने झुकरबर्ग यांच्या टेबलावरच्या टिपणांचा फोटो काढला. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा दीड महिन्यावर आला होता. टिपणात स्वतःसाठी सूचना होती, की त्या कायद्याला जे लागतं ते आम्ही आधीच करतो असं म्हणू नकोस. मी इतक्या संस्थांच्या फायली चाळल्या, एवढा प्रामाणिक कागद क्वचित हाताला लागला. जे तोंडी राहिलं ते नंतर लेखी आलं: सिनेटकडे चारशेहून अधिक पानं, हाउसकडे सातशेहून अधिक. त्या सातशेंत कुठेतरी ज्यांच्याशी माहितीचे करार होते अशा ५२ कंपन्यांची यादी होती. म्हणजे खर्चाची बाजू त्यांच्याकडे असते, फक्त मागणारा तेवढा वजनदार लागतो.

हे बटण तरी कुणामुळे मिळालं? फेसबुकने असं डाउनलोड २०१० मध्येच दिलं होतं, पण ते अपुरं. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने युरोपच्या तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन आपली सगळी माहिती मागितली. त्याला सीडीवर बाराशेहून जास्त पानं आली. त्यात त्याने स्वतः पुसलेले मेसेजही होते. ‘डिलीट’ म्हणजे काय याचा तो जाहीर खुलासा. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू झाला आणि माहिती बघण्याचा हक्क, ती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क असं सगळं कलमांत बसलं. पुढे १२ जानेवारी २०२३ ला युरोपच्या न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या टपाल खात्याच्या एका खटल्यात ठरवलं की ‘कुठल्या प्रकारच्या लोकांना माहिती दिली’ एवढं सांगून भागत नाही, विचारणाऱ्याला प्रत्यक्ष नावं द्यायला हवीत. ते शक्यच नसेल किंवा मागणी उघडच अवाजवी असेल, तर गोष्ट वेगळी. माझ्या पत्राचं उत्तर लिहिणाऱ्याने हा निकाल वाचला असता तर बरं झालं असतं.

अमेरिकेत सुनावण्या चालूच राहिल्या, २०२१ ला फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन, २०२३ ला टिकटॉकचे प्रमुख शौ च्यू, जानेवारी २०२४ ला पाच कंपन्यांचे प्रमुख एका ओळीत. देशभरासाठी गोपनीयतेचा एक सर्वंकष कायदा मात्र तिथल्या संसदेला जमलेला नाही. २०२२ चं विधेयक समितीत ५३ विरुद्ध २ असं निघालं आणि सभागृहात मताला आलंच नाही. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत. त्याचं ११ वं कलम मी पेन्सिल घेऊन वाचलं. ज्या ज्या संस्थांना माहिती दिली त्यांची ओळख सांगावी, असं त्यात लिहिलंय. खर्चाची बाजू कायद्यात दिसली, बरं वाटलं. मग आणखी चार कलमं पुढे गेले, तर खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कंपनीला २५० कोटींपर्यंत आहे, हे खरं. पण लिफ्टवाल्यांना मी तक्रार करा म्हटलं, तर ते आधी या दहा हजारांचं विचारतील.

दंडांबद्दल मला फार उत्साह नाही. जुलै २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला, तोही २०१२ च्या आदेशाचा भंग केला म्हणून. मागचा शेरा, पुन्हा तीच चूक. त्या वर्षी कंपनीचं उत्पन्न ७० अब्जांच्या वर, म्हणजे दंड एका महिन्याच्या कमाईहून कमी. दंडाची बातमी फुटली त्या दिवशी शेअर चढला. बाजाराने तो खर्चाच्या एका रकान्यात टाकून वही मिटली. दंडाबरोबर आलेल्या नव्या आदेशातलं दुसरं कलम मला जास्त मोलाचं वाटतं, त्याची चर्चा कमी झाली: दर तिमाहीला प्रमुखाने स्वतः सही करून सांगायचं की गोपनीयतेची व्यवस्था आदेशाप्रमाणे चालली आहे, आणि ते खोटं निघालं तर जबाबदारी त्याच्यावर. पैसे कंपनी भरते, सही माणसाला करावी लागते. सही करताना हात थबकतो, हे मी भल्याभल्यांचं पाहिलंय.

एक गोष्ट जाता जाता. दोन टप्प्यांच्या सुरक्षेसाठी दिलेला माझा नंबर गाठोड्यात आहे, पण तो सुरक्षेसाठीच वापरला की आणखी कशासाठी, याबद्दल चकार शब्द नाही. शंका उगाच नाही. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींना वापरले म्हणून ट्विटरला २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरावे लागले होते. मी आता नंबर काढून त्याऐवजी कोड देणारं ॲप लावलंय. तुम्हीही लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

बाकी काय केलं ते सांगते. संपर्कांची यादी सर्व्हरवरून पुसली. बाहेरच्या साइटींची जुनी नोंद खात्यापासून तोडली आणि पुढची बंद केली. हे करताना ॲप तीनदा विचारतं, नक्की का, जाहिराती कमी उपयोगी होतील हं. ‘उपयोगी’ कुणाला ते विचारायची सोय नाही. महिन्याभराने पुन्हा सात टिचक्या मारून दुसरं गाठोडं मागवलं, या वेळी चार दिवसांच्या आत उचललं, आणि दोन्ही शेजारी ठेवून टिका मारत बसले.

संपर्क: शून्य. लिफ्टवाले सुटले, ‘उचलू नको’ही सुटला. बाहेरच्या साइटी: कळ बंद केल्याच्या दिवसापासून कोरं पान. जाहिरातदार: ६३१. सतरा वाढले, तारीख अजून कुणापुढेच नाही. पत्र पुन्हा धाडलंय, या वेळी त्या सतरांची नावं टाकून. ‘आवडी’त मी सगळं लपवलं होतं, तरी घोडेस्वारी परत आली आहे.